पहिली कुर्ली राखणदाराची

माझ्या माहेरी दगडांना तोटा नव्हता. कारापूरला आमच्या घरासमोरून खनिजाचे टिप्पर जायचे आणि घरातली माणसं, भांडी, दोरीवरचे कपडे, एवढंच काय, बशीतलं दहीसुद्धा तांबूस दिसायचं. बाबा स्वतः टिप्पर चालवायचे. त्यामुळे लग्न होऊन पेडण्यात आलेली आपली मुलगी आता खाडीतले दगड गोळा करते, हे आईला कळलं तेव्हा तिने लगेच फोन लावला.

म्हणाली, "गो, दगडच जमवायचे होते तर इतक्या लांब कशाला दिली तुला? हांगा काय कमी होते?"

मी म्हटलं, "आई, हे वेगळे. ह्यांच्या पोटात कुर्ल्या असतात."

"मग शिजव आणि खा," असं म्हणून तिने फोन ठेवला.

कुर्ली म्हणजे खेकडा. आमच्या सासरच्या गावात त्याला खेकडा म्हटलं तर लोक तुम्हाला पाहुणे समजतात. गाव हरमलच्या अलीकडे, खाडीला चिकटून. एका अंगाला भाताची खाजनं, म्हणजे खाडीकाठची सखल शेतं, दुसऱ्या अंगाला खारं पाणी, आणि दोघांच्या मध्ये मातीचा बांध. बांधात एका ठिकाणी मानस आहे, म्हणजे लाकडी दारं. भरती आली की ती आपोआप मिटतात, ओहोटीला उघडतात, आणि शेतात खारं पाणी शिरत नाही. ह्या मानशीपलीकडे, कांदळाच्या मुळांखाली, निळसर करड्या मातीचा एक थर आहे. तो इतका घट्ट की त्यावर फावडं आपटलं तर हाताला झिणझिण्या येतात. मोठ्या ओहोटीला तो उघडा पडतो. माझं सगळं सुख त्या थरात आहे.

माझा पहिला शोध मी पार्श्वभागावर पडून लावला. सासऱ्यांचा फोन घरी वाजत होता, म्हणून त्यांना हाक मारायला बांधावरून खाली उतरले आणि सरकन घसरले. उठताना हाताला एक गोळा लागला, नारळाच्या करवंटीएवढा. तो चिडून फेकणारच होते, तेवढ्यात त्याच्या अंगावर मला पाय दिसले. एका बाजूला चार पाय, व्यवस्थित दुमडलेले. दगडाला पाय! मी तशीच चिखलात बसून राहिले आणि सासऱ्यांचा फोन वाजून वाजून बंद पडला.

सासऱ्यांना मी मामा म्हणते. मामा जन्मभर खाडीत कुर्ल्या धरत आलेले. लोखंडी कडीला जाळी बांधायची, मध्ये माशाचं डोकं अडकवायचं आणि पाण्यात सोडून वाट बघायची, हा त्यांचा धंदा आणि हाच त्यांचा विरंगुळा. मी तो गोळा त्यांच्या नाकासमोर धरला तेव्हा त्यांनी एक नजर टाकली.

"ह्यो? ह्यो आमी ल्हानपणी एकमेकांक मारूक वापरू."

मी विचारलं, "पण मामा, कुर्ली दगडात शिरली कशी?"

"तां तिका इचार," मामा म्हणाले आणि फोन कुणाचा होता त्याची चौकशी करू लागले.

तिला विचारून ती सांगेना, म्हणून मी पणजीच्या एका कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवणाऱ्या बाईंना विचारलं. तुयेच्या औषधांच्या फॅक्टरीत माझ्याबरोबर काम करणाऱ्या मैत्रिणीच्या त्या मावसबहीण. बाईंनी फोटो पाहून लगेच फोन केला. कुर्ली चिखलात मरते किंवा कात टाकते, वरून गाळ बसतो, गाळातला चुना तिच्याभोवती घट्ट होत जातो आणि तिचा गोळा बनतो. काही हजार वर्षांपूर्वीच्या असतील, म्हणाल्या. मला धडकी भरली. पण बाई हसल्या. "जीवाश्मांच्या हिशोबात तुमच्या कुर्ल्या अजून पाळण्यात आहेत हो. यांना किंमत नाही, दुर्मीळही नाहीत. पण जमवा. कुठे सापडल्या ते मात्र विसरू नका."

किंमत नाही म्हटल्यावर मला उलट मोकळं वाटलं. किंमत असती तर घरात आणखी दहाजणांना त्यात रस वाटला असता.

तेव्हापासून अमावास्या-पुनवेची ओहोटी आणि माझी फॅक्टरीतली पाळी यांचा मेळ घालणं हा माझा उद्योग झाला. सकाळची पाळी असली तर दुपारी, दुपारची असली तर सकाळी. स्कूटर बांधाच्या तोंडाशी लावायची, साडी-ड्रेसची भानगड नको म्हणून नवऱ्याची जुनी ट्रॅकपँट चढवायची, हातात बालदी. गोळा ओळखायला नजर बसावी लागते. साधा दगड कसाही वेडावाकडा असतो. कुर्लीचा गोळा मात्र जरा जास्तच शहाण्यासारखा गोल असतो आणि हातात घेतला की वाटतो त्यापेक्षा जड लागतो. घरी आणून मागच्या न्हाणीपाशी बसायचं, छोट्या हातोडीने कडेकडेने टकटक करायचं, मग दाभण आणि जुना टूथब्रश. आतून कधी काहीच निघत नाही, नुसता चिखल, आणि मग मी त्या चिखलाला शिव्या घालते. कधी पाठ निघते, तळहाताएवढी, तिच्यावरचे बारीक दाणेसुद्धा शाबूत. ज्या क्षणी ती पाठ मातीतून वर येते ना, त्या क्षणी मला नाव विचारलं तर सांगता यायचं नाही. इतका आनंद एखाद्या बाईला दगड फोडून व्हावा हे कुणाला पटत नाही, पण होतो त्याला मी काय करू?

पाठी जनेलाच्या, म्हणजे खिडकीच्या, कट्ट्यावर ओळीने बसल्या. जनेल भरल्यावर फ्रिजवर गेल्या. सासूबाईंनी चिंच वाळत घालायला जागा हवी म्हणून एकदा अख्खी वसाहत उचलून कोंबड्यांच्या खुराड्यावर नेऊन ठेवली आणि एक कोंबडी त्यातल्या सर्वांत गोल कुर्लीवर दोन दिवस उबवायला बसली. नवऱ्याने त्याचा व्हिडिओ काढला. तो हरमलला पर्यटकांना खोल्या भाड्याने देतो. प्रत्येक नव्या पाहुण्याला तो व्हिडिओ दाखवल्याशिवाय चावी देत नाही.

पण एक गोष्ट मला डाचत होती. माझ्याकडे एकही पुरी कुर्ली नव्हती. मेलेल्या कुर्लीचे डेंगे, म्हणजे पुढच्या दोन नांग्या, सगळ्यात आधी सुटतात. मग पाय. गाळ बसेपर्यंत पाण्याने त्यांची वाटमारी केलेली असते. कुणाचा डावा डेंगा नाही, कुणाचे दोन्ही नाहीत, कुणाची नुसती पाठ म्हणजे जेवून झाल्यावर ताटात उरते तेवढी. फॅक्टरीत मी तपासणीच्या टेबलावर असते. दिवसभर डोळ्यांसमोरून गोळ्या जातात, मोडकी दिसली की बाजूला काढायची. तिथे दिवसभर अख्ख्या गोळ्या आणि घरी मोडक्या कुर्ल्या. मला एक तरी पुरी हवी होती. दोन डेंगे, आठ पाय, जशी चालत होती तशी. ती का हवी, हे मला धड सांगता येत नाही. पण इतकी हवी होती की मी झोपेत नवऱ्याचा हात धरून "ह्याचा दुसरा कुठे आहे" असं विचारलं होतं, असं तो सांगतो. तो खोटंही सांगत असेल.

मामांना माझं हे वेड मनातून आवडायचं. सून चिखलाला नाक मुरडत नाही, ह्याचंच त्यांना अप्रूप. त्यांची जाळी आणि माझा थर शेजारी शेजारी. ते पाण्यात कंबरभर, मी चिखलात गुडघाभर, आणि आमच्या गप्पा चालू. ते जिवंत धरायचे, मी मेलेल्या. "आज काय गावला गो तुका?" "एक पाठ. तुम्हाला?" "माका चार. माज्यो चलतत, तुज्यो बसान ऱ्हवतत." हा विनोद ते दर वेळी करायचे आणि दर वेळी मला हसू यायचं.

मानशीजवळ करंजाखाली आमचा राखणदार आहे. शेंदूर नाही, देऊळ नाही, नुसता एक उभा पाषाण. बांध, शेत, पाणी आणि पाण्यात उतरणारी माणसं तो राखतो. मामा त्या पाषाणाला हात लावल्याशिवाय कधी पाण्यात उतरले नाहीत आणि वर आल्यावर हात लावल्याशिवाय घरी आले नाहीत. पाऊस ओसरला की जाळी टाकायच्या आधी ते तिथे गाऱ्हाणं घालतात. नारळ, पानविडा आणि सोऱ्याचा, म्हणजे गावठी दारूचा, एक पेला. त्या हंगामात पहिली जी कुर्ली लागते ती मात्र खायची नाही, विकायची नाही. ती मानशीच्या डोहात परत सोडायची. ती त्याची. मामांच्या वडिलांपासून हे चालत आलंय आणि त्यात मामांनी कधी खोट केलेली नाही.

परवाच्या हंगामात गाऱ्हाण्याला आम्ही नवराबायको होतो आणि शेजारचे दोघे. मामांनी टोपी सारखी केली, हात जोडले आणि त्यांचा आवाज एकदम भारदस्त झाला.

"बा देवा राखणदारा, म्हाराजा! आज जो काय ह्यो नारळ आनी पानविडो तुज्या म्होऱ्यात ठेयलो आसा, तो मान्य करून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही सगळे.

"पाण्यात उतारतत त्या पोराबाळांची राखण कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मग मामांनी माझ्याकडे तिरक्या नजरेने पाहिलं. "आनी ही जी आमची सून चिखलात फिरता, तिका एक पुरी कुर्ली गावांदे. दोन डेंग्यांची, आठ पायांची. दगडाची का असांना, पण पुरी गावांदे रे म्हाराजा!"

मला इतकं भरून आलं! माझ्यासाठी आजवर कुणी असं काही मागितलं नव्हतं. मुलगा होऊ दे, पगार वाढू दे, हे मागतात सगळे. दगडाची कुर्ली मागणारा हा एकच. मी सगळ्यांच्या वर आवाज काढून म्हटलं, "व्हय म्हाराजा!"

पण मामांची जीभ थांबली नाही. कुर्ली म्हटलं की पुढचं वाक्य त्यांच्या तोंडून जन्मभर जसं आलं होतं तसंच आलं.

"आनी पयली गावात ती तुजी! तुज्याच पायांकडे, तुज्याच पाण्यात सोडतलंव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" असं सगळ्यांबरोबर मीही म्हणून गेले. जोरात.

परतताना नवरा म्हणाला, "आता गावली तर पंचाईत हां."

मी हसून सोडून दिलं. इतक्या वर्षांत न मिळालेली आता काय मिळते!

थंडी पडल्यावर मिळाली.

सकाळची ओहोटी होती. खाडीवर पातळ धुकं, मामा नेहमीसारखे पाण्यात. थराच्या अगदी तळाशी, जिथे मी कधी पोहोचले नव्हते, तिथे एक गोळा अर्धा बाहेर आलेला. हातात घेतला तर त्याला आधीच बारीक चीर होती. दोन्ही अंगठे लावून नुसतं जरा दाबलं आणि तो पेढ्याच्या डब्याचं झाकण निघावं तसा उघडला.

आत ती होती. पुरी. दोन डेंगे पुढ्यात दुमडलेले, जेवायला पाटावर बसल्यासारखी. आठच्या आठ पाय. पायांची टोकंसुद्धा. डोळ्यांच्या जागी दोन खाचा आणि त्या खाचांतून ती माझ्याकडे बघत होती.

मी ओरडले. नेमकं काय ओरडले आठवत नाही. पण मामा पाण्यातून धावत आले. पाण्यातून धावता येत नाही, तरी आले.

"काय गो? सापान खाल्लां?"

"पुरी! मामा, पुरी!"

त्यांनी आधी माझे पाय पाहिले, मग हात, आणि मग हातात काय आहे ते. ओले हात सदऱ्याला पुसले आणि तिला घेतली. उलटी केली. पोटाखालचं झाकण चांगलं रुंद होतं. "मादी गो ही," ते हळूच म्हणाले. आम्ही दोघं तिथेच चिखलात उभ्या उभ्या वेड्यासारखे हसत सुटलो. मी त्यांचा दंड धरला होता आणि ते "केदी बरी, केदी बरी" एवढंच म्हणत होते. त्या सकाळीइतक्या आनंदात मी माझ्या लग्नातही नव्हते. लग्नात तर माझे पाय दुखत होते.

मग मामांनी करंजाकडे पाहिलं.

"घरा व्हर," ते म्हणाले. "आधी घरा व्हर ती. हयसून जावया, शेतातसून."

मानशीवरून वाट सरळ घरी जाते. शेतातून जायचं तर मोठा वळसा. पण मी इतकी हवेत होते की वळसा कसला आणि का, मला काही सुचलं नाही.

त्या दिवशी आमच्या घरी गणेशचतुर्थीच होती म्हणा ना. सासूबाईंनी चिंच हलवून मेजावर जागा केली. नवऱ्याने चहूबाजूंनी फोटो काढले आणि पणजीच्या बाईंना पाठवले. बाईंचा फोन आला तो ओरडतच. "घासू नका, धुऊ नका, हात लावू नका! मी येते. अशी आमच्याकडे एकही नाही हो!" कॉलेजातल्या काचेच्या कपाटात ती ठेवायची आणि खाली माझं नाव लिहायचं, असं त्या म्हणाल्या. माझं नाव. काचेखाली. मी फोन ठेवून न्हाणीत गेले आणि आरशात स्वतःला बघून आले.

पण मनात एक काटा होता. मी मूर्ख नाही. गाऱ्हाणं मला आठवत होतं. दुपारभर मी मनातल्या मनात वकिली केली. मामा देवाचं बोलणार, मी काय उत्तर द्यायचं? एक, ही दगडाची. दगडाला सोडलं काय आणि धरलं काय. दोन, ह्या हंगामातली पहिली कुर्ली मामांनी केव्हाच डोहात सोडली आहे, जिवंत, फडफडीत. मग ही पहिली कशी? तीन, सोडायची कशासाठी, तर ती पिल्लं घालेल म्हणून. ही काय घालणार? असं सगळं पक्कं करून मी रात्रीच्या जेवणाला भांडायच्या तयारीनेच बसले.

मामांनी भात कालवला आणि माझ्याकडे न बघता बोलायला लागले. "ती दगडाची. दगड सोडलो काय आनी धरलो काय. आनी पयली कुर्ली तर माजी मी सोडलंय ना? ही पयली खंयची? आनी सोडूची कित्या, तर पिलां घालूक. ही काय घालतली?"

माझा घास हातातच राहिला. माझे तिन्ही मुद्दे, त्याच क्रमाने!

"तुजी ती. ठेव तू," मामा म्हणाले. "पणजीक धाड. काचेत ठेवतत तर ठेवांदे."

मी जिंकले होते आणि भांडावंही लागलं नव्हतं. मला खूप आनंद व्हायला हवा होता. थोडा झालाही.

दुसऱ्या दिवशी मी दुपारच्या पाळीला होते, म्हणून सकाळी मागच्या दारी भांडी घासत होते. तिथून खाजन दिसतं. मामा जाळी घेऊन निघाले आणि मानशीची वाट सोडून शेतात उतरले. बांधाबांधाने, नुकत्या लावलेल्या मिरच्यांच्या वाफ्यांना वळसा घालत, पार कांदळांच्या मागून खाडीत. मला वाटलं, कुणाशी काम असेल. येतानाही तसेच आले. तिसऱ्या दिवशीही तसेच. चौथ्या दिवशी वाटेत एका वाफ्यात पाय मुरगळला, तरी तिथूनच.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मामा राखणदाराला तोंड चुकवत होते. जन्मभर ज्या पाषाणाला हात लावल्याशिवाय हा माणूस पाण्यात उतरला नाही, त्याच्यासमोरून जायची त्यांना लाज वाटत होती. शब्द त्यांनी दिला होता आणि मोडला माझ्यासाठी. आमच्या गप्पाही बंद झाल्या. "माज्यो चलतत, तुज्यो बसान ऱ्हवतत" बंद झालं.

मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "एवढंच ना?" आणि फ्रिजवरच्या मोडक्या कुर्ल्या घेऊन बसला. एकीची पाठ, दुसरीचे पाय, तिसरीचा डेंगा, चौथीचा डेंगा, आणि दोन ट्यूब मिसळून लावायचा पक्का गम. संध्याकाळपर्यंत त्याने एक पुरी कुर्ली उभी केली. एक डेंगा दुसऱ्याच्या दुप्पट आणि चेहऱ्यावर असा भाव की जणू तिला कुणीतरी फसवून आणलंय. मी हसून हसून लोळले. मामांना बोलावलं. तेही इतके हसले की ठसका लागला, सासूबाईंनी पाणी आणलं. मग पाणी पिऊन त्यांनी पेला खाली ठेवला.

"देवाक गम लावन फशिवतंस रे मेल्या?" ते हसतहसतच म्हणाले. पण मग चेहरा उतरला आणि ते उठून अंगणात गेले. पाय लंगडत होता.

मी मेजावरच्या माझ्या कुर्लीकडे पाहिलं. खरंच सांगते, मला तिचा राग आला. मग स्वतःचा आला. काचेखाली माझं नाव असलं असतं आणि इकडे हा म्हातारा मिरच्यांच्या वाफ्यांतून लंगडत, आपल्याच देवापासून लपत गेला असता. अशा कपाटाकडे मला बघवलं नसतं. मी बाईंना फोन करून सांगितलं की कुर्ली देता येणार नाही, ती पाण्यात परत जाणार. त्या एवढंच म्हणाल्या, "सगळ्या बाजूंनी फोटो तरी आणखी काढा." ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

फोटो काढले. सकाळी कुर्ली ओंजळीत घेतली आणि जाळी घेऊन शेतात उतरणाऱ्या मामांना हाक मारली.

"मामा, तिथून नको. मानशीवरून चला."

त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं. "गो, मी तुका दिल्लंय ती."

"तुमची नव्हती ती द्यायला," मी म्हटलं. "माझीही नाही. मी तर सगळ्यांत मोठ्याने व्हय म्हाराजा म्हटलं होतं."

"तुजां नाव लिवतले हुते काचेत."

"माझं नाव तुम्हाला ठाऊक आहे ना? मग झालं."

मामा जाळी खांद्यावर टाकून मानशीच्या वाटेला लागले. लंगडत, पण भराभर. करंजाखाली पोहोचल्यावर त्यांनी आधी पाषाणाला हात लावला. लावला तो काढलाच नाही. घरातून रुसून गेलेलं पोर परत येऊन बापाला चिकटतं तसे उभे राहिले आणि मला तिकडे बघवेना, म्हणून मी पाण्याकडे बघत राहिले. भरती भरून थांबली होती. मानशीची दारं मिटलेली, डोह गच्च.

मग मामांनी माझ्या हातातून कुर्ली घेतली. तिला त्यांनी मागून धरली, दोन बोटांनी, डेंगे पोहोचणार नाहीत अशा बेताने. चावणाऱ्या कुर्लीला धरतात तशी. ते त्यांना कळलंही नाही. पण मला कळलं. इतक्या वर्षांत माझ्या दगडांना लोकांनी दगड म्हटलं, फोटो म्हटलं, जीवाश्म म्हटलं. कुर्ली म्हणून कुणी धरलं नव्हतं. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं आणि मी हसत होते.

"बा देवा राखणदारा, म्हाराजा! जरा उशीर जालो. सून खुळी, सासरो म्हातारो, समजान घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मी एकटीच. करंजावरचा एक बगळा दचकून उडाला.

"ही तुजी पयली कुर्ली, पुरी, दोन डेंग्यांची. तुज्या पाण्यात सोडतंव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सोडायला त्यांनी ती माझ्याच हातात दिली. मी गुडघ्यांवर बसले, हात पाण्यात कोपरापर्यंत घातला आणि ओंजळ उघडली. ती फेकावी असं मला वाटलं नाही. ती सरळ खाली गेली, पाय खाली, पाठ वर, जशी जायला हवी तशी. हिरव्या पाण्यात थोडी दिसली, मग दिसेनाशी झाली. हाताला एकदम हलकं वाटलं. वाईट वाटलं, खूप वाटलं, खोटं कशाला सांगू. मी तिथेच बसून राहिले.

मामा बांधाच्या पलीकडे वाकून बघत होते. ओहोटी सुरू होऊन मानशीच्या दारांतून पाणी बारीक बारीक आवाज करत बाहेर पडायला लागलं होतं.

"उठ गो," ते म्हणाले. "सुकती लागली. पयली दिली, आता फुडच्यो सगळ्यो आपल्यो."

मी ओला हात त्यांच्याच सदऱ्याला पुसला आणि बालदी आणायला घराकडे धावले.